हलगलीची लावणी आणि पाच डॉलरचं तिकीट

१८८५ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधनपत्रिकेत जॉन फेथफुल फ्लीट यांनी कन्नड लावण्या छापायला घेतल्या. फ्लीट हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी. गुप्त राजांचे शिलालेख वाचणारे, कर्नाटकातल्या राजघराण्यांचा इतिहास लिहिणारे. आमच्या या मुलखात, बेळगाव-धारवाड-कलादगीच्या टापूत, दगडावरच्या अक्षरांबरोबर लोकांच्या तोंडची गाणीही त्यांनी गोळा केली. त्यांत संगोळ्ळी रायण्णाच्या बंडाची लावणी आहे, हलगलीच्या बेड जमातीची आहे आणि इन्कम टॅक्सवरचीही आहे. १८५७ च्या उठावात रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी सरकारने १८६० मध्ये हा कर बसवला, आणि त्याच्यावरही इथे लावणी झाली. सरकारवर रागावलेल्या लोकांची ही गाणी सरकारच्याच अधिकाऱ्याने छापून ठेवली.

हलगली हे तेव्हाच्या मुधोळ संस्थानातलं गाव, आज बागलकोट जिल्ह्यात. १८५७ मध्ये लोकांकडची हत्यारं काढून घेण्याचा कायदा झाला. हलगलीच्या बेडांनी हत्यारं द्यायचं नाकारलं. नोव्हेंबरच्या अखेरीस गावावर फौज आली, घरं पेटली, पकडलेल्या म्होरक्यांना मुधोळात फासावर चढवलं. लावणीत हे सगळं आहे. लढणाऱ्यांची नावं आहेत: हणमा, बाळा, जडगा, रामा. शेवटी कुर्तकोटीच्या कल्मेश्वराचं स्मरण आहे. कुर्तकोटी गदगजवळचं, म्हणजे जुन्या धारवाड जिल्ह्यातलं. मराठी वाचकाने ‘लावणी’ म्हटल्यावर शृंगार डोळ्यांपुढे आणू नये. कन्नड मुलखातली ही लावणी आपल्या पोवाड्याची सख्खी बहीण आहे. डफ, तुणतुणं, पुढे गाणारा एक आणि मागून ‘गी गी’ म्हणत झील धरणारे दोघे-तिघे. मराठी कलगी-तुऱ्यासारखेच इकडे हरदेशी आणि नागेशी असे दोन पक्ष, आणि रात्ररात्र चालणारा सवाल-जवाब.

अमेरिकेतल्या हार्डकोर पंकवरच्या मराठी पुस्तकाची प्रस्तावना हलगलीपासून सुरू करण्यामागे माझा एक आग्रह आहे. या संगीतावर लिहिताना बहुतेक जण रागावर बोट ठेवतात. किती वेगाने वाजवलं, किती ओरडले, कोणत्या राष्ट्राध्यक्षाला शिव्या घातल्या. राग तर सगळीकडे असतो. पिढी उलटल्यावरही एखादं रागाचं गाणं का उरतं, हे पाहायचं तर ते गाणं कोणाच्या हातात होतं ते पाहावं लागतं: छापलं कोणी, तिकीट कोणी ठरवलं, पैसे कोणाकडे गेले, बंदी आल्यावर कोण उभं राहिलं. हलगलीची लावणी गाणाऱ्यांच्या हातून फ्लीटसाहेबाच्या दप्तरात गेली, तिथून शाळेच्या पाठ्यपुस्तकात. ज्या रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिलं त्याचं नाव आज बेंगळुरूच्या मुख्य रेल्वे स्टेशनला आहे. या सन्मानाचा मला आनंदच आहे. पण सरकार बदललं की सरकारविरोधी गाणं सरकारी होऊ शकतं, हे या विषयाकडे वळण्याआधी मनाशी असलेलं बरं.

आता अमेरिकेकडे. १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क आणि लंडनच्या पंक संगीताची पहिली लाट ओसरत होती. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी तिच्यातलं खपण्याजोगं ते उचललं होतं. त्याच सुमारास कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, टेक्सास आणि इतर ठिकाणच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी ते संगीत आणखी वेगवान, आणखी आखूड, आणखी उघडंवाघडं केलं. गाणं एका-दीड मिनिटाचं. चाल जवळजवळ नाहीच. असतो तो ठेका आणि आरोळी. ‘हार्डकोर’ हे नाव रूढ व्हायला कॅनडातल्या डी.ओ.ए. या बँडचा १९८१ चा अल्बम मोठं कारण झाला. या पोरांपुढचं वास्तव काय होतं? १९८० मध्ये तरुण मुलांची सैन्यासाठी नावनोंदणी पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रोनाल्ड रेगन निवडून आले. अण्वस्त्रांची शर्यत, मध्य अमेरिकेतले हस्तक्षेप, शहरातले पोलीस. लॉस एंजेलिसच्या परिसरात ब्लॅक फ्लॅग या बँडच्या कार्यक्रमांवर पोलिसांची धाड ही नित्याची गोष्ट झाली. १९८३ च्या उन्हाळ्यात ‘रॉक अगेन्स्ट रेगन’ या नावाने बँड गावोगाव फिरले आणि जुलैत थेट राजधानीत वाजले.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती वॉशिंग्टनच्या शाळकरी पोरांची एक कृती. टीन आयडल्स नावाचा त्यांचा बँड १९८० मध्ये मोडला. कार्यक्रमांतून साठलेले सुमारे ६०० डॉलर जवळ होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी आपल्याच गाण्यांची रेकॉर्ड काढली. इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी त्यासाठी डिस्कॉर्ड नावाची कंपनी काढली. रेकॉर्डचं वेष्टण कसं करतात हे माहीत नव्हतं म्हणून दुसऱ्या एका रेकॉर्डचं वेष्टण उलगडून पाहिलं आणि तसे कागद कापून, दुमडून, चिकटवून घरीच केले. ती कंपनी पुढे कोणत्याही बड्या कंपनीला विकली गेली नाही. १९८७ मध्ये मकायने फुगाझी हा बँड सुरू केला तेव्हा तिकीट शक्यतो पाच डॉलरच ठेवायचं आणि कार्यक्रमाला कोणत्याही वयाच्या माणसाला येता यायला हवं, असा त्यांचा नेम होता. अमेरिकेत दारू मिळते अशा ठिकाणी अल्पवयीनांना मज्जाव; त्यामुळे असा नेम पाळायचा तर चर्चचं तळघर, शाळेचा हॉल, भाड्याची सभागृहं शोधावी लागत. पाच डॉलर ही रक्कम म्हणजे एक राजकीय भूमिका होती. बर्कलीत ३१ डिसेंबर १९८६ ला गिलमन स्ट्रीटवर स्वयंसेवकांनी चालवलेलं सभागृह उघडलं. वंशद्वेष, बायकांचा अपमान, समलिंगींचा द्वेष आणि मारामारी आत चालणार नाही हा तिथला नियम. ‘मॅक्झिमम रॉक अँड रोल’ हे नियतकालिक १९८२ पासून गावोगावच्या बँडांचे वृत्तान्त छापत होतं. कुठे वाजवायला मिळेल, रात्री कोणाच्या घरी पथारी पसरता येईल, याचे पत्ते लोक एकमेकांना देत. सॅन पेद्रो या बंदरगावच्या मिनिटमेन या कामगारवस्तीतल्या तिघांनी तर काटकसर हीच आपली वाजवण्याची आणि जगण्याची रीत केली. एक जुनी गाडी, स्वतःच उचललेलं सामान, आणि मुक्कामाचा खर्च निघेल इतके कार्यक्रम.

हे वाचताना मराठी माणसाला लाल बावटा कलापथक आठवायला हवं. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ते उभं केलं. अण्णा भाऊ वाटेगावहून बापाबरोबर पायी चालत मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले, शाळेत जेमतेम पाऊल टाकलेले. स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा, बंगालच्या दुष्काळावर पोवाडा, अमळनेरच्या हुतात्म्यांवर पोवाडा. जगातली बातमी गिरणगावात डफावर पोचवायची हे त्यांचं काम. नाट्यगृह नाही, ठेकेदार नाही. चाळींमधली मोकळी जागा, मैदान, संपाची सभा. संघटनेची माणसं मंच बांधत आणि गाण्यांच्या पुस्तिका हातोहात खपत. मिनिटमेनची गाडी आणि कलापथकाची डफ-तुणतुण्याची पिशवी यांत अंतर कमी आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. फरकही सांगायला हवा. कलापथकामागे कम्युनिस्ट पक्ष होता. हार्डकोरच्या पोरांमागे कोणताच पक्ष नव्हता. पक्षाने माणसं आणि मैदानं दिली, तशी ओढाताणही दिली. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ च्या पावसाळ्यात, दीड महिन्याच्या अंतराने गेले. तोवर पक्षाचे दोन तुकडे झाले होते.

सत्ता रागाच्या गाण्यावर चालून येते तेव्हा बहुधा गाण्याचं नाव घेत नाही. ती दुसरंच कलम शोधते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली ती अश्लीलतेच्या नावाने. तिचा फटका ज्यांना बसला त्यांत संपाची, शेतकऱ्याची, भाकरीची गोष्ट सांगणारी पथकंही होती. तेव्हा अण्णा भाऊंनी त्याच ढंगाला ‘लोकनाट्य’ म्हणून उभं केलं आणि खेळ चालू ठेवले. आता सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट पाहा. डेड केनेडीज हा बँड १९७८ पासून तिथे वाजत होता. त्यांचा गायक जेलो बियाफ्रा १९७९ मध्ये शहराच्या महापौरपदासाठी उभा राहिला आणि चौथा आला. त्यांची गाणी गव्हर्नरवर, कंबोडियावर, पोलिसांवर, नवनाझींवर. इतक्या वर्षांत या गाण्यांवर खटला झाला नाही. खटला झाला तो १९८५ च्या ‘फ्रँकेनक्राइस्ट’ अल्बमसोबत घातलेल्या पोस्टरवर. स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांचं ते चित्र. अल्पवयीनांपर्यंत हानिकारक मजकूर पोचवल्याचा आरोप. १९८६ च्या एप्रिलमध्ये पोलिसांनी बियाफ्राच्या घराची झडती घेतली, १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टात ज्यूरीचं एकमत झालं नाही, सात जण सोडण्याच्या बाजूचे आणि पाच विरोधात. न्यायाधीशांनी खटला निकालात काढला. शिक्षा झाली नाही, पण दरम्यान बँड मोडला होता आणि खर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. १९८५ मध्येच अमेरिकन सेनेटसमोर गाण्यांतल्या अश्लीलतेवर सुनावणी झाली होती. मुंबई आणि लॉस एंजेलिस यांत चाळीसेक वर्षांचं आणि अर्ध्या पृथ्वीचं अंतर आहे. तरी दोन्हीकडे गाणाऱ्याला गाठलं ते शील या एकाच दारातून.

पण शील या मुद्द्याला दुसरीही बाजू आहे, आणि ती धारवाडकराला लगेच कळते. १ जुलै १९२१ ला असहकाराच्या दिवसांत धारवाडला दारूच्या दुकानावर निदर्शनं चालली होती. पोलिसांनी गोळीबार केला, तिघे मेले. जकणी बावीजवळ त्यांचं स्मारक आहे. दारू न पिणं, दुसऱ्याने पिऊ नये म्हणून दुकानापुढे उभं राहणं, हे इथे राजकारण होतं, कारण दारूचा पैसा सरकारी खजिन्यात जात होता. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनीही व्यसनाला धारेवर धरलं. १९८१ मध्ये मकायच्या मायनर थ्रेट या बँडने शेहेचाळीस सेकंदांच्या एका गाण्यात सांगितलं की दारू आणि अमली पदार्थांवाचून आपण जगू शकतो. त्यातून ‘स्ट्रेट एज’ नावाचा पंथच तयार झाला. त्याची खूण हाताच्या पाठीवरची काळी फुली. दारूच्या क्लबात अल्पवयीनांच्या हातावर मारायची ती खूण पोरांनी अभिमानाने मिरवली. बंडखोर संगीत म्हणजे नशा, ही समजूत पोरांनी स्वतःच मोडली याचं मला अप्रूप आहे. मात्र काही वर्षांत याच पंथातले काही जण पिणाऱ्यांना मारझोड करू लागले. मकायला कधीच चळवळ काढायची नव्हती, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

गाण्यातलं नाव बदलून तेच गाणं नव्या शत्रूवर रोखायचं, ही शाहिरांची जुनी रीत. डेड केनेडीजचं पहिलं गाजलेलं गाणं, १९७९ चं ‘कॅलिफोर्निया उबर आलेस’, कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्यावर होतं. १९८१ मध्ये त्यांनी त्याच गाण्याचे शब्द बदलले आणि रेगनवर रोखलं. साचा ठरलेला, ठेका लोकांच्या अंगात भिनलेला, फक्त सरदार नवा. पोवाडा ऐकून वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इतरांना वाटतं, जुनंच गाणं पुन्हा विकताहेत.

या भागातला मराठी माणूस राजकीय गाणं ऐकतो तेव्हा त्याच्यापुढे एक अडचण असते. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पेटली. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहातून ती सीमेबाहेर राहिलेल्या मराठी मुलखापर्यंत जाते. बेळगावात ती आजही जखमेवर बोट ठेवते. धारवाडात मात्र तिचा अर्थ तसाच राहत नाही. इथल्या मराठी घरांच्या शेजारी कन्नड घरं आहेत आणि त्यांची स्वतःची एकीकरणाची गाणी आहेत. १ नोव्हेंबर १९५६ हा त्यांच्या आनंदाचा दिवस. त्यांचंही दुःख खरं होतं. मुंबई इलाख्यात इथल्या शाळा एकेकाळी मराठीत चालत, आणि १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला तो कन्नडच्या रक्षणासाठी. एकाच्या मुक्तीचं गाणं शेजाऱ्याच्या कानाला धमकीसारखं लागू शकतं. हार्डकोरच्या इतिहासात देशप्रेमाच्या नावाने वंशद्वेषी टोळ्या शिरल्या, तेव्हा डेड केनेडीजना १९८१ मध्ये नाझी पंकांना हाकलणारं गाणं काढावं लागलं. आपल्याच मैफिलीत आलेल्या आपल्याच लोकांविरुद्ध गाणं करणं हे परक्या राजावर पोवाडा रचण्यापेक्षा फार अवघड आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कलावंतांनी ते किती वेळा केलं, हे ज्याने त्याने मोजावं.

धारवाडने या अडचणीचं एक उत्तर दिलेलं आहे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. घरी मराठी, कविता कन्नड. १९२० च्या दशकात त्यांनी मित्रमंडळ जमवलं, ‘गेळेयर गुंपु’ या नावाचं. साधनकेरीच्या परिसरात एकत्र वाचन, गायन, स्वतःच काढलेली नियतकालिकं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘नरबळी’ या कवितेसाठी इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. सुटल्यावरही धारवाडजवळच्या मुगद गावात स्थानबद्ध केलं. नोकरी गेली. पुढे ‘नाकु तंती’साठी ज्ञानपीठ मिळालं आणि मराठी ‘संवाद’साठी केळकर पारितोषिक. आज बेंद्रे म्हटलं की निसर्ग, प्रेम, नाद असं सगळं आठवतं. कवितेपायी तुरुंगात गेलेले बेंद्रे मागे पडतात. मला ते पुढे आणायचे आहेत. त्यांची कन्नड कविता लावणीच्या चालीवर, बायकांच्या ओव्यांच्या चालीवर, बाजारातल्या बोलीवर उभी आहे. शिशुनाळच्या शरीफसाहेबांनी गिरणीवर पद रचलं तोच हा मुलूख. गिरणी, रेल्वेचा कारखाना, कापसाचा बाजार यांनी हुबळी वाढली, तशी गाणीही त्यांना घेत वाढली.

दोष झाकून वारसा सांगता येत नाही. हार्डकोर हे बव्हंशी गोऱ्या मुलग्यांचं संगीत राहिलं. वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्स या चार कृष्णवर्णीय वादकांच्या बँडने ज्या वेगाने आणि ज्या तयारीने वाजवलं तिथून अर्ध्या अमेरिकेने धडा घेतला. आणि त्याच बँडने १९८२ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये समलिंगी कलावंतांशी असं वर्तन केलं की एम.डी.सी. आणि बिग बॉइज या बँडांशी त्यांचं फाटलं. ज्याच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्यावर अन्याय करणार नाही, अशी हमी कोणतंही संगीत देत नाही. मैफिलीत पुढे ढकलाढकली, मारामारी. मुली मागच्या भिंतीला. १९९० च्या आसपास ऑलिम्पियातल्या बिकिनी किल आणि इतर बँडांनी मुलींना पुढे यायला जागा करून दिली, तेव्हा कुठे ‘रायट गर्ल’ची वाट निघाली. पैशाचंही तेच. स्वतःची कंपनी काढली म्हणजे आपोआप न्याय होतो असं नाही. डेड केनेडीजच्या इतर तिघांनी रॉयल्टीसाठी बियाफ्राला कोर्टात खेचलं आणि २००० मध्ये ज्यूरीने त्या तिघांच्या बाजूने कौल दिला. ज्याने व्यापारी कंपन्यांना धारेवर धरलं त्याच्याच वहीत हिशेब चुकला. डिस्कॉर्ड टिकली त्याचं श्रेय मी मकायच्या गाण्यांइतकंच त्याच्या हिशेबाच्या चोखपणाला देतो.

महाराष्ट्रात या वारशाला कोर्टाची पायरी अजून सुटलेली नाही. ११ जुलै १९९७ ला मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले, आणि काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथून सुरू होतो. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर गात पोलिसांपुढे हजर झाले. शीतल तेव्हा गरोदर होत्या; त्यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला. सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना जामिनासाठी जानेवारी २०१७ पर्यंत, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा अटक झाली, एल्गार परिषदेच्या प्रकरणात. इथेही आरोपपत्राच्या भाषेत कलम निराळंच असतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटात लोकशाहिरावर आरोप आहे तो गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा. ती भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः नागपूरचे कार्यकर्ते. २०२१ मध्ये ते गेले.

या रांगेत धारवाडचं एक नाव गायकाचं नसूनही घ्यावं लागतं. ३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. ते वचनांचे अभ्यासक. बाराव्या शतकातल्या शरणांची वचनं ही या मुलखातली सर्वांत जुनी राजकीय गाणी, जातीविरुद्धची, कर्मकांडाविरुद्धची. धारवाडच्याच मल्लिकार्जुन मन्सूरांनी ती रागदारीत गायली. पुण्यात दाभोलकर, कोल्हापुरात पानसरे, धारवाडात कलबुर्गी, बेंगळुरूत गौरी लंकेश. चार गावांना जोडणारी ही वाट सीमाप्रश्न मानत नाही.

नव्या पिढीत मराठी मुलखातलं राजकीय गाणं रॅपकडे वळलं. पंकचे बँड मुंबई-पुण्यात झाले, आहेत. पण इंग्रजीत गाणारं ते संगीत इंग्रजी बोलणाऱ्या वर्तुळाबाहेर फारसं गेलं नाही. हार्डकोरची खरी मराठी वारसदार मला ‘स्वदेसी’सारख्या मुंबईच्या गटात दिसते. २०१९ मध्ये त्यांनी आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. झाडं तोडली जाणार होती, आणि पाड्यावरचा माणूस स्वतः गाण्यात होता. एप्रिल २०२३ मध्ये राजकारण्यांवर रॅप करणाऱ्या दोन मराठी तरुणांवर पोलिसांनी गुन्हे दाखल केले. मोबाइलवर ध्वनिमुद्रण, फुकट प्रसार, कंपनी नाही, सभागृह नाही. टीन आयडल्सना जे करायला ६०० डॉलर लागले ते आज हातातल्या फोनवर होतं. पण फोनमागे बसलेली कंपनी आपली नाही. गाणं काढून टाकायचं की दाखवायचं हे तीच ठरवते, आणि रेकॉर्डचं वेष्टण हाताने दुमडणाऱ्या पोरांपुढे हा प्रश्न नव्हता. या पुस्तकाच्या शेवटच्या भागात त्याची चर्चा आहे. वाचकाने ती टाळू नये.

अखेर भाषेविषयी, कारण हे पुस्तक मराठीत का, असं मला इथे पुष्कळांनी विचारलं. शिकागोच्या पिल्सन या मेक्सिकन वस्तीत १९९१ मध्ये लॉस क्रुडोस हा बँड सुरू झाला. गायक मार्टिन सोरोंदेगी, जन्माने उरुग्वेचा. हार्डकोर ऐकायला येणारे बहुसंख्य गोरे, इंग्रजी बोलणारे. बँड गायचा स्पॅनिशमध्ये. स्थलांतरित मजुरांविषयी, वस्तीतल्या टोळ्यांविषयी, पोलिसांविषयी. दोन गाण्यांच्या मधे सोरोंदेगी थांबून इंग्रजीत समजावून सांगायचा की आता कशाबद्दल गाणार आहोत, आणि मग परत स्पॅनिशमध्ये ओरडायचा. समजावणं पाहुण्यांसाठी, गाणं घरच्यांसाठी. १९९८ पर्यंत ते असेच वाजत राहिले, तळघरांत आणि वस्तीतल्या सभागृहांत, आणि त्यानंतर अमेरिकेत स्पॅनिशमधून हार्डकोर वाजवणारे बँड एकामागून एक उभे राहिले. पुढची पानं लिहिताना आम्ही तीच रीत ठेवली आहे. अमेरिकन बँडांच्या गाण्यांचा आशय मराठीत सांगितला आहे, कन्नड लावण्यांचाही तसाच, आणि ज्यांना मूळ ऐकायचं आहे त्यांच्यासाठी गाण्यांची नावं जागोजागी दिली आहेत.